सांधा पाहायचा तर बीडला

हाताने घडवलेले लाकूडकाम जवळून पाहायचे, ते जिथे घडते तिथे उभे राहून पाहायचे, अशा हेतूने निघालेला मराठी प्रवासी सहसा ठरलेल्या वाटांनी जातो. पुण्याचा विश्रामबागवाडा आणि राजा दिनकर केळकर संग्रहालय, सावंतवाडीचे लाखेचे रंगीत काम, गोव्यातल्या जुन्या घरांमधले कोरीव पलंग आणि खुर्च्या. अलीकडे त्यात शहरांमधल्या लाकूडकामाच्या स्टुडिओंची भर पडली आहे. तिथे एकेक टेबल स्वतंत्र दिव्याखाली मांडलेले असते आणि ते घडवणाऱ्याचे नाव शेजारी लिहिलेले असते. या वाटांवर बीड जिल्हा कुठेच लागत नाही. बीड म्हटले की वर्तमानपत्र वाचणाऱ्याला दुष्काळ आठवतो, ऊसतोड आठवते, परळीचे औष्णिक वीजकेंद्र आठवते. रंधा आणि पटाशी आठवत नाही. मला हे वगळणे चुकीचे वाटते. फर्निचरचा कस झिलईवरून लागत नाही, तो सांध्यावरून लागतो. दोन लाकडे एकमेकांत कशी बसवली आहेत, ती किती वर्षे तशीच राहतील आणि हलली तर पुन्हा घट्ट करता येतील का, यावर त्या वस्तूची योग्यता ठरते. आणि सांधा समजून घ्यायचा असेल, तर जिथे लाकूड मुबलक नाही आणि चुकीला जागा नाही, अशा कोरड्या मुलखातल्या सुताराकडे जाणे अधिक शहाणपणाचे आहे.

जिल्ह्यात शिरण्याच्या वाटा सोप्या आहेत. छत्रपती संभाजीनगरकडून येणारा धुळे–सोलापूर महामार्ग शहागडला गोदावरी ओलांडतो, गेवराईवरून बीडला येतो आणि पुढे मांजरसुंब्याला बालाघाटाच्या अंगावर चढतो. तिथून केज, अंबाजोगाई, परळी अशी दुसरी वाट फुटते. सप्टेंबर 2025 मध्ये अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वेही सुरू झाली. जिल्हा मोठा आहे: 11 तालुके, क्षेत्रफळ दहा हजार चौरस किलोमीटरहून अधिक. पण सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आत, आणि जंगल नावापुरते. गोदाकाठची काळी जमीन सोडून वर बालाघाटावर आले की उघडे माळ, सीताफळाची झुडपे आणि बांधाबांधावर बाभळी. या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. बाभळीला असे काही मिळालेले नाही, पण या भागातल्या लाकूडकामाचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे. साग इथे बाहेरून येतो. चंद्रपूर-बल्लारपूरकडचा साग महाराष्ट्रभर नावाजलेला, इतका की अयोध्येच्या राममंदिरासाठीही 2023 मध्ये तिथूनच लाकूड गेले. गावच्या सुताराच्या हाताशी मात्र बाभूळ, कडुलिंब, चिंच आणि आंबा. यातली बाभूळ सागाहून जड, कठीण आणि वाकडी. सरळ, लांब, बिनगाठीची फळी तिच्यातून क्वचितच निघते. म्हणून तिच्याशी काम करणाऱ्याला झाडाचा आकार वाचता यावा लागतो. नांगराला हवा तो बाक फांदीच्या नैसर्गिक वळणातच शोधावा लागतो, कारण सरळ लाकूड कापून बाक काढला तर त्याच्या रेषा मध्येच तुटतात आणि पहिल्याच कठीण ढेकळाला ते तिथे उकलते. रेषा वळणाबरोबर वळलेली असेल तर तेच लाकूड बैलांचा पूर्ण जोर सहन करते.

या जिल्ह्यातल्या लाकूडकामाच्या जागांना स्टुडिओ हे नाव कोणी देत नाही. तालुक्याच्या गावी आरा मशीन असते, तिच्या आसपास वखार, आणि वखारीला लागून पत्र्याच्या छपरात सुताराचे दुकान. खेड्यात घराच्या पडवीत किंवा लिंबाच्या सावलीत काम चालते. पाहणाऱ्याने आधी हत्यारांकडे पाहावे. वाकस, करवत, रंधा, पटाशी, किंकरे, गिरमिट, गुण्या, कानस: ही सगळी एका पेटीत मावतात. आता त्यांच्याजोडीने विजेचा रंधा आणि ड्रिल मशीनही असते, आणि त्यात वाईट काही नाही. वाकस हे यातले सगळ्यात शिकवणारे हत्यार आहे. पायाच्या अंगठ्याने लाकूड धरून, वाकसाच्या घावाने एकेक ढलपी उडवत ओंडक्याला चौकोनी किंवा अष्टकोनी आकार दिला जातो. या कामात लाकडाची रेषा कुठे चालली आहे हे प्रत्येक घावाला कळावे लागते. करवतीचे यंत्र ती रेषा पाहत नाही, ते आखलेल्या सरळ ओळीने कापत जाते. दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे बाजूला पडलेले, नुसते वाळत असलेले लाकूड. बाभळीचे ओले खोड काही महिने पाण्यात किंवा चिखलात मुरवायचे, मग सावलीत सावकाश वाळवायचे, ही जुनी रीत. त्याने लाकूड कमी तडकते आणि किडीला कमी बळी पडते. ज्या दुकानात वाळत घातलेले लाकूड दिसते तिथे थांबावे. जिथे सगळे लाकूड आजच आलेले असते, तिथल्या वस्तू कितीही चमकोत, पुढच्या उन्हाळ्यात त्यांचे सांधे उघडणार.

इथल्या फर्निचरचा सगळ्यात चांगला नमुना म्हणजे बाज. अंगणात पावसापाण्यात पडलेली असते म्हणून तिच्याकडे कोणी वस्तू म्हणून पाहत नाही, पण रचनेच्या दृष्टीने ती कोणत्याही नामवंत खुर्चीच्या बरोबरीने अभ्यासावी अशी आहे. चार खूर, त्यांना जोडणाऱ्या चार दांड्या, आणि वर अंबाडीच्या, काथ्याच्या किंवा नवारीच्या विणीचा ताण. प्रत्येक खुराच्या माथ्याशी दोन खाचा असतात, एकमेकींना काटकोनात, आणि दांडीच्या टोकाचे कुसू त्यांत बसते. खिळा नाही, सरस नाही, स्क्रू नाही. मग हे उभे कशाने राहते? विणीने. दोरीचा ताण दांड्यांना आतल्या बाजूला खेचतो आणि त्या खेचण्याने कुसू खाचेत अधिक घट्ट बसते. माणूस बाजेवर बसला की दोरीवर भार येतो, दोरीचा भार दांड्यांवर येतो आणि सांधा सैल होण्याऐवजी आवळला जातो. वीण सैलावली की पायथ्याकडची दोरी ओढून घ्यायची. एवढ्याने वीणही ताठ होते आणि लाकडी सांगाडाही. दोरी कुजली तर नवी विणायची, खूर मोडला तर तेवढाच बदलायचा. इतक्या कमी लाकडात, इतक्या हलक्या वजनात, पूर्ण वाढलेल्या दोन माणसांचा भार पेलणारी आणि घरच्या माणसाला दुरुस्त करता येणारी वस्तू घडवणे हे फर्निचरशास्त्रातले मोठे यश आहे. खराद्याकडून खुरांना दिलेले गोल घेर, रंगाच्या पट्ट्या, हा पुढचा भाग. तो नसला तरी बाज उत्तमच असते.

शेतीची अवजारे फर्निचरमध्ये मोडत नाहीत, हे मला मान्य आहे. तरीही सुताराचा हात किती सूक्ष्म चालतो हे पाहायचे तर पेरणीच्या तिफणीसमोर बसावे. दिंड नावाच्या आडव्या लाकडात तीन फण ठराविक कोनात रोवलेले असतात, वर रुमणे आणि मध्ये चाडे. चाडे म्हणजे पेरणाऱ्याने मुठीतून बी सोडायची लाकडी वाटी. तिच्या तळाशी भोके आणि प्रत्येक भोकातून एकेका फणापर्यंत गेलेला पोकळ नळा. तिन्ही भोके सारख्या रुंदीची, सारख्या उताराची नसतील तर एका ओळीत ज्वारी दाट आणि दुसरीत विरळ उगवते, आणि सुताराची चूक महिनाभर साऱ्या शिवाराला दिसत राहते. रब्बी ज्वारीवर जगणाऱ्या जिल्ह्यात ही काही लहान कसोटी नव्हती. गाडीचे चाक त्याहून अवघड. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेर पाट्यांचे वर्तुळ आणि त्यावर लोखंडी धाव. आऱ्याचे एक टोक तुंब्यात आणि दुसरे पाट्यात बसते. साधारणपणे एका पाट्यात दोन आरे. म्हणजे एका चाकात आऱ्यांचेच दोन डझनांच्या घरात सांधे, आणि सगळे एकाच वेळी जुळावे लागतात, कारण एक आरा केसभर आखूड झाला तर सगळा भार शेजारच्या आऱ्यावर जातो. शेवटी लोहार धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करतो, ती चाकावर चढवतो आणि वर पाणी ओततो. थंड होताना धाव आकसते आणि सगळे सांधे एकदम आवळते. बाजेत जे काम दोरी करते ते इथे लोखंड करते. दोन्हींच्या मागे विचार एकच: सांध्याला बाहेरून आधार चिकटवायचा नाही, वस्तूच्या वापरातूनच तो घट्ट राहील अशी रचना करायची.

हे कौशल्य आले कुठून? सुतार जातीच्या रक्तात ते होते असे म्हणणे सोपे आहे आणि खोटे आहे. त्यामागे एक व्यवहार होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या ‘गावगाडा’ या पुस्तकात बलुत्याची पद्धत तपशिलाने मांडलेली आहे, आणि सुतार तिथे पहिल्या ओळीतल्या बलुतेदारांत येतो. शेतकरी सुताराला वस्तूमागे पैसे देत नसे. खळ्यावर सुगीला धान्याचा वाटा देई, आणि त्या बदल्यात वर्षभर अवजारांची दुरुस्ती सुताराकडे. या व्यवहाराचा कारागिरीवर काय परिणाम होतो ते नीट पाहावे. नांगर मोडला तर तो पुन्हा त्याच सुताराच्या दारात येणार, आणि जोडून देण्याचे वेगळे मोल मिळणार नाही. मग वस्तू मोडू नये, आणि मोडलीच तर चटकन दुरुस्त व्हावी, यातच सुताराचा फायदा. आजच्या बाजारात हे उलटे झाले आहे. वस्तू लवकर मोडली तर नवी विकली जाते. म्हणून जुन्या अवजारांच्या आणि बाजेच्या सांध्यांमध्ये दिसणारी प्रामाणिकता ही नुसती सद्गुणाची गोष्ट नव्हे, ती मोबदल्याच्या पद्धतीतून आलेली होती. कारागिरी टिकवायची असेल तर मोबदल्याचा विचार टाळता येत नाही, हा माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की टिकाऊपणा ठीक, पण उत्कृष्ट फर्निचर म्हणजे सौंदर्यही. बाज आणि तिफण दाखवून ती उणीव झाकता येत नाही. याचे उत्तर परळीत आहे. वैद्यनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी केला असे सांगतात. तिथला गाभारा आणि सभामंडप एकाच पातळीवर आहेत, त्यामुळे सभामंडपातूनच लिंगाचे दर्शन होते, आणि हा प्रशस्त सभामंडप सागवानी लाकडाचा आहे. दर्शनाच्या रांगेत उभे असताना नजर वर न्यावी. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे भार कसा उतरवला आहे ते पाहावे. जिथे आश्रय मिळाला, साग मिळाला आणि वेळ मिळाला, तिथे या प्रदेशातल्या लाकूडकामाने भव्यताही साधली. वाड्यांमध्येही हेच दिसते. मराठवाड्यात घराचे माप खणांत सांगत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, आणि घर पाच खणांचे की सात, यावरून ऐपत कळे. खांब, त्यावर तुळई, तुळईवर आडवी लाकडे आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद. बीड, अंबाजोगाई, धारूर अशा जुन्या गावांत जे वाडे उरले आहेत त्यांच्या चौकटींवर आणि खांबांच्या माथ्यांवर नक्षी आहे. पण नक्षी पाहून झाल्यावर चौकटीचे कोपरे पाहावेत. कोपरा अजून काटकोनात असेल तर घडवणाऱ्याचे नाव माहीत नसले तरी त्याची योग्यता कळते.

हे वाडे वेगाने नाहीसे होत आहेत, आणि त्याचे एक कारण 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप आहे. लातूर-धाराशिवमध्ये हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदाखाली गेली. त्यानंतर शेजारच्या जिल्ह्यांतही जुन्या घरांविषयी भीती बसली आणि ती भीती रास्त होती. दोष मातीत रचलेल्या दगडांचा आणि डोक्यावरच्या मातीच्या थराचा होता, पण लोकांच्या मनात लाकूड, दगड, माती सगळे एकाच गाठोड्यात बांधले गेले. वाडे उतरवले गेले, त्यांचे खांब आणि दारे जुन्या लाकडाच्या बाजारात आली आणि तिथून शहरातल्या हॉटेलांत आणि बंगल्यांत पोहोचली. त्यामुळे निदान ते जपले गेले, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एकट्याने उभा असलेला, डोक्यावर काहीही नसलेला खांब ही सजावट आहे. त्याच्या माथ्याचे कुसू कापून टाकलेले असते, आणि नेमके तेच पाहण्यासारखे होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मराठी घराला फर्निचरची परंपराच नव्हती. माणसे जमिनीवर बसत, जमिनीवर जेवत, जमिनीवर झोपत. खुर्ची-टेबल आले ते छावणीबरोबर आणि कचेरीबरोबर. अंबाजोगाई हे मोमिनाबाद या नावाने हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होते, आणि अशा ठिकाणी साहेबी थाटाच्या खुर्च्या-मेजांची गरज निर्माण झाली असणार हे उघड आहे. पण जमिनीवरच्या जगण्यालाही वस्तू लागत होत्या: पाट, चौरंग, देव्हारा, पाळणा, पाण्याचे हंडे ठेवायची घडवंची, भाकरीचे पीठ मळायची काठवट. आकाराने लहान म्हणून त्या फर्निचर नाहीत, हा निकष युरोपातून उसना घेतलेला आहे. जपानी घरही जमिनीवरचेच होते, आणि त्यांच्या सुतारकामाला जगात कोणी गौण म्हणत नाही. घडवंचीचे उदाहरण घ्या. तिच्यावर भरलेल्या हंड्यांचे वजन कायम असते, पाय कायम ओले असतात, आणि जमीन सारवलेली, असमान. चारही पाय किंचित बाहेर फाकवून, खाली आडव्या पट्ट्या देऊन ती स्थिर केलेली असते. पाय फाकवले की प्रत्येक खाच तिरकी घ्यावी लागते, आणि चार तिरक्या खाचा एकमेकींशी जुळवणे हे आजही फर्निचर शिकणाऱ्याची परीक्षा पाहणारे काम आहे.

इथे बाहेरच्या जगातली दोन उदाहरणे उपयोगी पडतील. चंदीगड वसवताना वास्तुकार पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली साग आणि वेताच्या हजारो खुर्च्या स्थानिक कारागिरांनी घडवल्या. पुढे त्या भंगारात निघाल्या, परदेशी लिलावांत भरमसाट किमतीला विकल्या गेल्या, आणि 2011 मध्ये केंद्र सरकारला त्यांची विक्री थांबवण्यासाठी आदेश काढावा लागला. खुर्ची तीच, सांधे तेच. बदलली ती पाहणाऱ्याची नजर. ज्यांनी त्या प्रत्यक्ष घडवल्या त्यांची नावे मात्र बहुतेक खुर्च्यांबरोबर गेली नाहीत. दुसरे उदाहरण अमेरिकी फर्निचरकार जॉर्ज नाकाशिमा यांचे. 1930 च्या दशकाच्या अखेरीस ते पुदुच्चेरीला अरविंद आश्रमाच्या गोलकोंड इमारतीच्या कामावर होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या लोकांना, त्यांच्यासह, छावण्यांत डांबले गेले, तेव्हा तिथे भेटलेल्या एका परंपरागत जपानी सुताराकडून त्यांनी हात घडवून घेतला, आणि पुढे पेनसिल्व्हेनियात त्यांचा कारखाना जगप्रसिद्ध झाला. 1964 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही त्यांचे फर्निचर घडले. झाडाचा मूळ आकार, त्याची वाकडी कड, त्याची भेग तशीच ठेवून टेबल घडवणे ही त्यांची ओळख. नांगरासाठी फांदीचा बाक शोधणाऱ्या बालाघाटातल्या सुताराची दृष्टी याहून वेगळी नाही. फरक एवढाच की एकाच्या दृष्टीला घेणारे भेटले.

तिसरा आक्षेप झाडांचा. दुष्काळी जिल्ह्यात लाकडी वस्तूंची भलामण करणे म्हणजे उरलेसुरले हिरवेपण तोडायला सांगणे नाही का? हा प्रश्न मनापासून विचारणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. साग, चिंच, आंबा, खैर अशी झाडे 1964 च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि तो कायदा पाळलाच पाहिजे. पण बाभूळ लवकर वाढते, आपसूक उगवते, शेळ्यांना तिच्या शेंगा आणि पाला मिळतो आणि बांधावरची बाभूळ आजही कापली जातेच. फक्त ती वीटभट्टीत आणि चुलीत जाते. जळणाच्या भावाने विकल्या जाणाऱ्या खोडातून पन्नास वर्षे टिकणारी वस्तू घडली तर झाड वाया जात नाही. शेतकऱ्यालाही बाभूळ जाड होईपर्यंत ठेवण्याचे कारण मिळते, कारण जळणाला बारीक फांदी चालते, पण तुंब्याला आणि खुराला घेराचे खोड लागते. शिवाय उतरवलेल्या वाड्यांचा साग आहेच. शंभर वर्षे वाळलेले ते लाकूड नव्या देव्हाऱ्याला किंवा कपाटाला मिळेल त्याहून चांगले आहे.

मग किमतीचा प्रश्न. प्लायवूड, एमडीएफ आणि कारखान्यात तयार होणारी कपाटे स्वस्त पडतात, दुसऱ्या दिवशी घरी येतात. सर्वसामान्य कुटुंबाने महिनाभर थांबून जास्त पैसे का मोजावेत? पहिली गोष्ट, प्लायवूडला मी शत्रू मानत नाही. ते हवेबरोबर फारसे फुगत-आकसत नाही, आणि स्वयंपाकघराच्या कपाटांना ते योग्यच आहे. सलग लाकूड मात्र जिवंत असल्यागत वागते: लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मराठवाड्यात मे महिन्याची कोरडी झळ आणि ऑगस्टची ओल यांत एवढे अंतर आहे की रुंद फळी चारही बाजूंनी खिळून टाकली तर ती तडकणारच. म्हणून चांगला सुतार दाराची किंवा कपाटाची फळी चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवतो, तिला हलायला जागा देतो. हे ज्ञान नसलेल्या सुताराकडून घेतलेले सलग लाकूड प्लायवूडहूनही वाईट निघते, ही कबुली द्यायलाच हवी. पण ते ज्ञान असलेल्याकडून घेतलेली वस्तू पुढच्या पिढीला जाते, तर भुशाच्या फळ्यांची कपाटे पाण्याचा एक लोट लागला की फुगून बसतात आणि त्यांना दुरुस्ती नसते. किंमत वर्षांनी भागली तर स्वस्त काय ते वेगळे निघते. ज्याला आज एवढे पैसे परवडत नाहीत त्याने हौसेखातर कर्ज काढावे असे मी म्हणणार नाही. पण ज्यांना परवडते, जे शहरातल्या दुकानात महागडा सोफा घासाघीस न करता घेतात, त्यांनी गावच्या सुताराशी मात्र दिवसाच्या मजुरीवरून हुज्जत घालावी, हे मला अन्यायाचे वाटते.

शेवटचा आक्षेप मी सगळ्यात गंभीरपणे घेतो. सुतारकीचे गोडवे गाणे म्हणजे बलुतेदारीचे, जन्माने धंदा ठरवण्याचे गोडवे गाणे होत नाही का? बलुत्यात नुसते कौशल्य नव्हते, ताबेदारीही होती. धान्याचा वाटा कमी पडला तर दाद मागायला जागा नव्हती, आणि दुष्काळात शेतकऱ्याचे खळे रिकामे तर सुताराची चूलही थंड. ती व्यवस्था गेली ते चांगले झाले. पण तिच्याबरोबर गेलेले ज्ञान जातीचे नव्हते, हाताचे होते, आणि ते कोणालाही शिकता येते. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या सुताराच्या घरात 1925 मध्ये जन्मलेले राम सुतार शिल्पकार म्हणून जगाला माहीत झाले. तसेच दुसऱ्या कोणत्याही घरातल्या मुलामुलीला सुतारकीत येता आले पाहिजे. आयटीआयमध्ये सुतारकामाचा अभ्यासक्रम आहे. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. अवजारांच्या मदतीचे मी स्वागत करतो. तरी कमतरता अवजारांची कमी आणि गिऱ्हाइकाची जास्त आहे. बैलगाडीच्या जागी साखर कारखान्यांची लोखंडी टायरगाडी आली, तिफणीच्या जागी ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र आले. लाखो ऊसतोड मजुरांच्या या जिल्ह्यात गाडी हे सुताराचे सगळ्यात मोठे काम होते आणि ते संपले. गाडी लाकडाचीच हवी होती असा माझा आग्रह नाही. टायरमुळे बैलांचा त्रास कमी झाला. पण चाकाचे दोन डझन सांधे जुळवणारा हात आज दारांच्या चौकटींना बिजागऱ्या ठोकतो आहे, आणि त्याच्या मुलाला त्या कामात शिकण्यासारखे काही दिसत नाही. चांगले काम सांगणारा कोणी आला तरच चांगले काम शिकणारा राहील.

म्हणून परळीला किंवा अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी परतीच्या वाटेवर तालुक्याच्या गावात एखाद्या सुताराच्या दुकानाशी थांबावे. तयार वस्तू उलटी करून खालची बाजू पाहावी, खण ओढून मागचे कोपरे पाहावेत, कुसू आणि खाचेच्या मध्ये लांबी भरून वर रंग फासला आहे का ते पाहावे. लाकूड कोणते, कधी कापलेले, किती वाळलेले, हे विचारावे; चांगल्या कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही. मग एक काम सांगावे: बाज, घडवंची, चौरंग, नातवंडासाठी पाळणा. लाकूड वाळायला आणि काम नीट व्हायला वेळ द्यावा, दिवाळीनंतर सांगून उन्हाळ्यात न्यायला यावे, आगाऊ रक्कम द्यावी आणि ठरलेली मजुरी पूर्ण द्यावी. वस्तूच्या तळाशी घडवणाऱ्याने स्वतःचे नाव, गाव आणि साल कोरावे, एवढे मात्र आवर्जून सांगावे.